आधीचे ४१ किलोमीटर

जुनी घेतलेली ट्रेडमिल जोडून झाली, पट्टा सरळ धावायला लागला, आणि जोडायला आलेला तो मुलगा पाने-पक्कड पिशवीत भरता भरता थांबला. "एक गंमत दाखवू, मॅडम?" म्हणाला आणि स्क्रीनखालची दोन बटणं त्याने एकदम दाबून धरली. वेळ, वेग, कॅलरी सगळे आकडे लुकलुकले, गेले, आणि त्यांच्या जागी एकच आकडा येऊन बसला. ४१.३. "एकूण किलोमीटर. पहिल्या दिवसापासूनचे. विकणारा काहीही सांगू दे, हा आकडा लपत नाही. लॉटरी लागली तुम्हाला. एक्केचाळीस म्हणजे काहीच नाही, नवीनच समजा." मीही खूश झाले. जुन्या वस्तूच्या भावात नवी पदरात पडली की एक चोरटा आनंद होतो, तो झाला. नवऱ्याला लगेच फोन करून सांगितलं. तो मुलगा गेला, मी खोली झाडली, प्लास्टिकच्या पट्ट्या आणि तुटके टाय गोळा केले, आणि संध्याकाळपर्यंत तो आकडा डोक्यात असा जाऊन बसला की निघेना. दाताच्या फटीत काहीतरी अडकावं आणि जीभ सारखी तिथेच जावी तसं.

विकणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, घेऊन तीन वर्षं झाली. तीन वर्षांत एक्केचाळीस किलोमीटर. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हिशेब केला. ताशी चार किलोमीटर हा काही पळणाऱ्याचा वेग नाही, बोलत बोलत चालणाऱ्याचा आहे. त्या वेगाने रोज वीस मिनिटं धरली तर दिवसाला एक किलोमीटर आणि वर थोडं होतं. म्हणजे एकतीस दिवस.

कुणीतरी एक महिना चाललं होतं. मग थांबलं होतं.

आमच्या घरात ट्रेडमिल आलीच कशी, याचं मलाच अजून नवल आहे, कारण आयुष्यभर मी या जातीच्या वस्तूंची टिंगल करत आले. झालं असं की रिपोर्टमधले दोन आकडे रेषेच्या वर गेले, डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत "चालता का?" विचारलं, मी "हो, तसं चालणं होतं" म्हटलं, आणि त्यांनी त्यातलं "तसं" नेमकं पकडलं. बाहेर चालायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण सकाळी जाग येत नाही, संध्याकाळी अंधार लवकर पडतो, पावसात चिखल, उन्हात डोकं दुखतं, आणि हे सगळं नसेल त्या दिवशी कुणीतरी ओळखीचं भेटून अर्धा तास उभं करतं. कारणं घराबाहेर असतात असा माझा ठाम समज होता. म्हणून चालणंच घरात आणायचं ठरवलं.

मग महिनाभर अभ्यास. या काळात मला बरेच नवे शब्द आले आणि माझ्याशी जेवताना बोलणं घरच्यांना नकोसं झालं. मोटरची ताकद दोन तऱ्हेने छापतात. एक 'पीक' हॉर्सपॉवर, म्हणजे मोटर जोर लावून क्षणभर गाठेल ती, आणि ती मोठ्या ठळक अक्षरात असते. दुसरी 'कंटिन्युअस', म्हणजे फार न तापता तास तासभर देत राहील ती, आणि ती शोधावी लागते. (आमच्या नात्यात पीक हॉर्सपॉवरवाले बरेच आहेत.) पट्ट्याची रुंदी चाळीस-बेचाळीस सेंटिमीटर असली तर पाय जपून टाकावे लागतात, पंचेचाळीसच्या पुढे जरा मोकळं वाटतं. लांबी चालण्यापुरती एकशेवीस सेंटिमीटर चालते, पळणाऱ्याला एकशेचाळीसच्या वर हवी. आणि चढ. पळणारे लोक ट्रेडमिलला एक टक्का चढ देऊन ठेवतात. घरात समोरून वारा लागत नाही, त्यामुळे तेवढी मेहनत वाचते, ती एक टक्क्याने भरून निघते. १९९६ साली अँड्र्यू जोन्स आणि जोनाथन डाउस्ट यांनी ते मोजून दाखवलं होतं. माझ्या वेगाला वारा आडवा यायचा प्रश्नच नव्हता, पण चढाच्या बटणाशिवाय मशीन घ्यायचं नाही असं मी उगाचच ठरवून टाकलं.

जागेचं मात्र खरंच ठरवावं लागलं. मशीनच्या मागे दोन मीटर मोकळं हवं, कारण घसरलात तर पट्टा तुम्हाला मागे फेकतो आणि मागे भिंत असेल तर पट्टा पाठीला घासत राहतो. दोन्ही बाजूंना अर्धा मीटर. मी जुनी वर्तमानपत्रं चिकटपट्टीने एकाला एक जोडून मशीनच्या मापाचा आडवा-उभा कागद केला आणि मागच्या खोलीत जमिनीवर अंथरला. आठ दिवस तो तसाच होता. पहिल्या दिवशी सगळे त्यावरून चालत गेले. तिसऱ्या दिवसापासून सगळे त्याला वळसा घालायला लागले, नवरासुद्धा, रात्री अंधारात पाणी प्यायला उठलेला. कागदाचीच, पण ट्रेडमिल घरात आली होती. एकदा मी कुणी नाही असं बघून त्या कागदावर उभी राहून जागच्या जागी चालूनही पाहिलं. बातम्या पायाखाली करकरत होत्या.

नवी घ्यायची तयारी होती, पण जुन्या वस्तूंच्या जाहिराती बघताना लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत तेच शब्द आहेत, 'फारशी वापरलेली नाही'. फोटोही तसेच. पट्टा उभा दुमडलेला, मागे पडदा, आणि हँडलवर काहीतरी लटकवलेलं, फोटो काढतानाही काढायचं राहून गेलेलं. मला वाटलं, इतक्या लोकांनी आधीच हरून ठेवलंय तर आपण त्याचा फायदा का घेऊ नये.

ज्या बाईंकडून घेतली त्यांच्या घरी ती झोपायच्या खोलीत होती, दुमडलेली, तोंड भिंतीकडे. शिक्षा केलेल्या मुलासारखी. बाई साठीच्या असतील. मी सवयीने काकू म्हटलं, त्यांनी ते चालवून घेतलं. मशीन सुरू करून दाखवायला त्यांना जमेना, कुठलं बटण ते आठवत नव्हतं. मी विचारलं, "कोण वापरायचं, काकू?" त्या म्हणाल्या, "थोडीफार वापरली." कोण, हे सांगितलंच नाही. आणि पुढे होऊन पट्ट्यावरची धूळ हाताने पुसली, एकदा, दोनदा, चादरीवरच्या सुरकुत्या काढाव्यात तशी. मीही पुढे विचारलं नाही. खरेदी करताना माणूस सोयीपुरताच कुतूहल ठेवतो. मी तेव्हा पट्ट्याची कड उसवली आहे का ते बघत होते.

आणायचा दिवस वेगळाच. सत्तर किलोंच्या वर वजन, आणि तेही सगळं एका टोकाला, कारण मोटर पुढे असते. चार माणसांनी उचललं तरी पुढच्या दोघांचे चेहरे लाल आणि मागचे दोघे गप्पा मारतायत. लिफ्टमध्ये ती आडवी मावेना, उभी धरली तर दार लागेना. शेवटी स्क्रीन आणि खांब सोडवले आणि जिन्याने वर चढवली. खांबाच्या आतून एक वायर येते, स्क्रीनपासून खाली मोटरच्या बोर्डापर्यंत. खांब बसवताना ती चिमटली तर मशीन जिवंत असून मुकं होतं. तो मुलगा ती वायर दोन बोटांनी अशी काढत होता की सुईत दोरा ओवतोय. "लोक हेच चुकतात आणि मग मोटर गेली म्हणून बोंबलतात," म्हणाला. मग त्याने मोटरवरचं झाकण काढलं. आत राखाडी मऊ धूळ होती, लोकरीच्या गुंडीसारखी जमलेली. त्याने ब्रशने हळूहळू ती बाहेर ओढली. मला उगाच नजर दुसरीकडे वळवावीशी वाटली. तीन वर्षांची दुसऱ्यांच्या घरातली धूळ. ती त्यांची होती.

पट्टा सरळ करायचं काम मला बघायला फार आवडलं. मागच्या टोकाला दोन बोल्ट असतात, डावा आणि उजवा. मशीन सावकाश चालू ठेवायचं, पट्टा उजवीकडे सरकत असेल तर उजवा बोल्ट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवायचा, आणि मग हात मागे घेऊन थांबायचं. लगेच काही होत नाही. मिनिटभराने पट्टा, जणू स्वतःच्याच मनात आलं म्हणून, मध्याकडे यायला लागतो. नवशिका माणूस तेवढा थांबत नाही, अजून पाव फिरवतो, अजून पाव, आणि मग पट्टा भलतीकडेच जातो. त्यानंतर पट्टा मधोमध हाताने वर उचलून पाहिला, ढिला आहे की ताठ. पट्टा जरा वर उचलून खाली फळीवर सिलिकॉनचं तेल सोडलं, दोन्ही बाजूंनी, वेड्यावाकड्या रेघेत. दुसरं कुठलंही तेल नाही, त्याने पट्टा खराब होतो. प्लग थेट भिंतीतल्या अर्थिंगच्या सॉकेटमध्ये, एक्स्टेन्शन बोर्ड नको. पायांखाली रबरी चटई, कारण मशीनच्या खाली फरशी आहे आणि फरशीच्या खाली माणसं राहतात.

हे सगळं चालू असताना मला ती दोरी दिसली. ट्रेडमिलला एक लाल चावी असते, आत लोहचुंबक असलेली. ती स्क्रीनखालच्या खाचेत लावायची, तिच्या दोरीचा चिमटा आपल्या कपड्याला अडकवायचा. पाय घसरून माणूस मागे गेला की दोरी ताणली जाते, चावी सुटते, पट्टा थांबतो. आमच्या चावीच्या दोरीला एकापाठोपाठ एक तीन गाठी मारलेल्या होत्या, घट्ट, दोरी आखूड व्हावी म्हणून. निम्मी राहिली होती. मुलाने ती बघून फक्त "ही सोडवून घ्या नंतर" म्हटलं.

आखूड दोरी म्हणजे जरा मागे पडलं तरी थांबावं, अशी व्यवस्था. कुणाला तरी पडायची भीती होती.

पहिल्या दिवशी चढले तेव्हा मलाही होती. पट्टा पायाखालून सरकायला लागला आणि शरीराला कळेना की आपण चालतोय की कुणीतरी आपल्याला ओढतंय. दोन्ही हात दांड्यांवर. दांडी धरून चाललं की मेहनत कमी होते, शरीराचा थोडा भार हातांवर जातो, हे वाचलेलं होतं. वाचलेलं त्या वेळी उपयोगी पडत नाही. पाच मिनिटांनी हात सुटले, दहा मिनिटांनी मी भिंतीकडे बघायचं सोडून खिडकीकडे बघायला लागले, आणि वीस मिनिटांनी उतरून स्वयंपाकघराकडे निघाले तर काय, घर पळायला लागलं! पाऊल साधंच टाकत होते, पण दोन्हीकडच्या भिंती भराभर मागे जात होत्या, जणू मी नेहमीच्या दुप्पट वेगाने चालले आहे. चौकटीला धरून उभी राहिले. आधी वाटलं, रक्तदाब. मग कळलं की हे सगळ्यांनाच होतं. अडार पेलाह आणि होरेस बार्लो या दोन शास्त्रज्ञांनी १९९६ मध्येच त्यावर लिहिलंय. पाय चालतायत आणि समोरची भिंत हलत नाही, हा हिशेब मेंदू वीस मिनिटांत मान्य करून टाकतो. मग खरंच चालायला लागलं आणि भिंती हलल्या की त्याला ते जास्तीचं वाटतं. दोन-तीन मिनिटांत उतरतं. मला ते आवडायलाच लागलं. दिवसभरात तेवढी दोन-तीन मिनिटं मी घरातल्या घरात कुठेतरी निघालेली असायचे.

मशीनचा आवाज मात्र मला आधीपासून ओळखीचा होता. मोटरची बारीक घरघर आणि तिच्यावर पावलांचा धप, धप. हा आवाज मी पहिल्यांदा एका बंद दाराबाहेर बसून ऐकला होता. बाबांची स्ट्रेस टेस्ट होती, ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासतात ती. माझ्या मांडीवर त्यांचा शर्ट, चष्मा, घड्याळ. आत जाताना ते उघड्या अंगाने, छातीवर ठिकठिकाणी केस काढलेले आणि तिथे तारा चिकटवलेल्या, असे एकदम लहान दिसले होते. ही चाचणी सिअॅटलच्या रॉबर्ट ब्रूस नावाच्या हृदयरोगतज्ज्ञांनी १९६३ मध्ये मांडली, आणि तिची रीत तीच आहे. दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. पहिली तीन मिनिटं ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ. मग ४ किलोमीटर आणि १२ टक्के. मग साडेपाचच्या आसपास आणि १४ टक्के. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला फक्त आतून एक बाई "काका, आता चढ वाढणार हं" म्हणालेली ऐकू आली आणि धप धपमधलं अंतर कमी झालं. पुन्हा "काका, आता अजून वाढणार". आता पावलं पळापळीची, अधूनमधून एखादं चुकलेलं. मी चष्म्याची काडी उघडत होते, मिटत होते. तिसऱ्या टप्प्यात थोडंसंच गेले आणि आवाज थांबला. बाहेर आले ते घामाने डबडबलेले, छातीवर चिकटपणाचे गोल डाग. शर्टाची बटणं लावता लावता म्हणाले, "चढ होता गं. खोलीत चढ! माणसाने कशासाठी काय काय करून ठेवलंय."

त्यानंतर त्यांना रोज चालायला सांगितलं. बाबा घराबाहेर चालणारे नव्हते, कुणी विचारलं तर सांगावं लागेल म्हणून. ते पॅसेजमध्ये चालायचे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अकरा पावलं. फेऱ्या विसरू नयेत म्हणून शर्टाच्या उजव्या खिशात वीस सुटी बटणं ठेवायचे, आईच्या शिवणाच्या डब्यातली, आणि दर फेरीला एक डाव्या खिशात टाकायचे. सगळी डावीकडे गेली की "झालं माझं" असं मोठ्याने जाहीर करायचे आणि खुर्चीत बसायचे. मी माहेरी गेले की आधी विचारायचे, "आज झालं का?" ते डावा खिसा वाजवून दाखवायचे. एकदा सकाळी मी लवकर उठले. बाबा झोपलेले होते, आणि खुंटीवर त्यांचा त्या दिवसाचा धुतलेला शर्ट टांगलेला होता. सहज हात लावला. डाव्या खिशात वीसच्या वीस बटणं.

मी काही बोलले नाही. दुपारी त्यांनी खिसा वाजवला, तेव्हाही नाही. पण त्यानंतर मी घरी ट्रेडमिल आणायचा विषय काढला, कारण मशीनला खिसे नसतात. "आणा," ते म्हणाले, "मी त्याच्यावर पेपर ठेवीन." विषय तिथेच मिटला. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आपण हट्टाने आणायला हवी होती का, हा प्रश्न मला आता मशीनवर चालताना पडतो, साधारण बाराव्या मिनिटाला. का बाराव्या, माहीत नाही. तोपर्यंत दिवसभराची कामं मनात संपतात बहुतेक.

मशीनला खिसे नसतात हेही अर्धवट खरं. ते किलोमीटर माणसाचे मोजत नाही, पट्ट्याचे मोजतं. रोलरच्या चाकावर एक छोटा चुंबक असतो, शेजारी सेन्सर, दर फेऱ्याला एक नोंद. तुम्ही दोन्ही बाजूंच्या कडांवर पाय फाकून उभे राहा आणि फोनवर बोला, आकडा वाढतच जातो. मी उभी राहिले आहे. म्हणजे त्या एक्केचाळीसमध्ये नुसताच फिरलेला पट्टा किती आणि चाललेली पावलं किती, ते कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित कुणी फक्त उभं राहिलं असेल. कदाचित आतल्या खोलीतल्या कुणाला तरी आवाज ऐकू जावा म्हणून चालू ठेवली असेल.

पहिल्या महिन्यात नवरा रोज एक विनोद करायचा. "लागली का सक्तमजुरी?" त्याला माहीत नव्हतं की तो इतिहास सांगतोय. विल्यम क्यूबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८१८ मध्ये तुरुंगातल्या रिकाम्या हातांना काम म्हणून पायऱ्यांचं एक भलंमोठं लाकडी चाक सुचवलं. त्यालाही ट्रेडमिलच म्हणायचे. कैद्यांनी आडव्या दांडीला धरून चढत राहायचं, चाक खाली खाली येत राहायचं. लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ते १८२१ मध्ये लागलं आणि त्यावर धान्य दळलं जायचं. पुढे बऱ्याच ठिकाणी त्याच्यावर काहीच दळलं जात नसे, नुसती हवा. तरी चढायचंच. लेखक ऑस्कर वाइल्डलाही १८९५ मध्ये तुरुंगात ते चढावं लागलं होतं. ब्रिटनमध्ये १८९८ च्या तुरुंग कायद्याने ते थांबवलं. तिकडे न्यूयॉर्कच्या तुरुंगातल्या एका कर्मचाऱ्याने १८२४ मध्येच लिहून ठेवलं होतं की या चाकाचा धाक त्याच्या कष्टात नाही, त्याच्या एकसुरीपणात आहे. हे वाचल्यावर मी बराच वेळ त्या माणसाचा विचार करत होते. त्याने शेजारी उभं राहून बघितलं असणार. बारावं मिनिट त्याला कळलं असणार.

आणि याच चाकाला दीडशे वर्षांत लोक स्वतःच्या पैशांनी घरी आणायला लागले. केनेथ कूपर या डॉक्टरांनी १९६८ च्या आपल्या पुस्तकात आठ मिनिटांत मैलभर पळायचं, तेही आठवड्यातून चार-पाचदा, असं सांगितलं. ते वाचून विल्यम स्टॉब नावाच्या मेकॅनिकल इंजिनिअरच्या मनात आलं की हे घरातच जमलं पाहिजे, थंडीपावसात कोण बाहेर जातंय. घरात ठेवण्याजोगी, परवडणारी ट्रेडमिल त्याने बनवली. मला या माणसाबद्दल आपुलकी वाटते, कारण त्याची कारणं माझीच होती. फरक इतकाच की तो चालला. २०१२ मध्ये तो शहाण्णव वर्षांचा होऊन गेला, आणि जायच्या जेमतेम दोन महिने आधीपर्यंत ट्रेडमिलवर चढत होता म्हणतात.

माझं सांगायचं तर एकोणिसाव्या दिवशी घसरले. पाय नाही, मी. पाहुणे आले, मग त्यांच्या गाद्या मशीनच्या शेजारी रचल्या, मग पाहुणे गेले तरी गाद्या चार दिवस तिथेच. मग एके रात्री धुतलेला टॉवेल वाळायला दांडीवर टाकला. टाकताना हात थांबला होता, हे मी प्रामाणिकपणे सांगते. तरी टाकला. सकाळी टॉवेलच्या कडेतून ती लाल चावी लोंबत होती आणि तिच्या तीन गाठी. त्या दिवशी चालले. शहाणपण वगैरे सुचलं नाही, त्या अनोळखी माणसाच्या आधी थांबायचं नाही एवढी क्षुद्र ईर्ष्या होती. रोज उतरताना ती दोन बटणं दाबून एकूण आकडा बघायची सवय लागली. ५८. ६७.४. ज्या दिवशी तो ८२.६ व्हायचा होता, म्हणजे माझेही एक्केचाळीस पुरे होणार होते, त्या दिवशी मला काहीतरी वाटेल अशी अपेक्षा होती. फोनवर बोलता बोलता तो टप्पा उलटून गेला. उतरून बघितलं तर ८३.१.

गाठी त्याच सुमाराला सोडवल्या. आखूड दोरीमुळे मी घाम पुसायला जरा हात वर केला की चावी सुटायची आणि पट्टा बंद. पहिली गाठ नखांनी सुटेना. सुई आणली, मग जाड दाभण. तीन वर्षांत दोरी त्या गाठीत मुरली होती. अर्धा तास लागला. सुटलेल्या दोरीवर गाठींच्या जागी वाकडी वळणं राहिली, पांढरट, धुळीचा रंग आत न पोहोचलेली.

गेल्या महिन्यात आई राहायला आली. दोन-तीन दिवस तिने मशीनला वळसा घातला, वर्तमानपत्रांना सगळे घालायचे तसा. चौथ्या दिवशी मी चालताना दारात येऊन उभी राहिली. "मी बघू?" म्हणाली. तिला वर चढवलं, दोन्ही हात दांड्यांवर ठेवले. मी चिमटा तिच्या खांद्याशी लावला, चावी खाचेत बसवली. तिने मधली दोरी बघितली, खाली झुललेली. "एवढी लांब? मी पडेपर्यंत ही ताणली जाणारच नाही."

मी चिमटा काढला. एक गाठ मारली, लावून पाहिलं. "अजून." दुसरी. "अजून थोडी." तिसरी मारताना माझ्या लक्षात आलं की मी ती जुन्या वळणांवरच मारतेय, दोरी आपोआप तिथे मुडपत होती. काकूंच्या घरातही कुणीतरी समोर उभं राहून "अजून" म्हणालं असणार, आणि गाठ मारणारं माणूस दुसरंच असणार. हे मला आधी कधी सुचलंच नव्हतं. मी इतके दिवस एकच माणूस धरून चालले होते.

सगळ्यात कमी वेग लावला. ताशी एक किलोमीटर. इतक्या सावकाश पट्टा फिरवायचा तर मोटरला उलट जास्त जोर लावावा लागतो, आवाज बदलतो, कण्हल्यासारखा होतो. आई पायांकडे बघत, ओठ मिटून, एक एक पाऊल टाकत होती. मी दीडवर नेलं. ती गप्प राहिली. दोन मिनिटांनी तिला जरा धीर आल्यासारखा वाटला तसं मी विचारलं, "बाबांना आणायला हवी होती ना गं एक? चालले तरी असते."

"कसले चालतायत." तिने पायांवरची नजर काढली नाही. "बटणं मीच टाकत होते डाव्या खिशात. रात्री शर्ट टांगताना."

"तू?"

"तू आलीस की फार रागवायचीस त्यांना. दोन दिवस यायचीस, त्यात ते भांडण कशाला?" मग जरा थांबून, श्वास घेऊन, "त्यांना माहीत होतं. बोलायचो नाही आम्ही."

मोटर घरघरत होती. पाऊल, पाऊल. मी बाजूला उभी होते, एक हात तिच्या पाठीमागे, न टेकवलेला. खिडकीतून ऊन येऊन पट्ट्याच्या कडेची पांढरी रेघ उजळत होती, विझत होती. तिने मध्येच एकदा दांडी सोडून पदर सारखा केला, दोरी ताणली गेली, चावी टप्पकन सुटली आणि पट्टा थांबला. आई दचकली, मग खूश झाली.

"थांबतं की," म्हणाली.

चावी पुन्हा लावायला मी हात पुढे केला, पण ती दांड्या धरून उलटी वळून, जपून, खाली उतरायला लागली होती.

"झालं माझं."